दिव्याखालची बाटली

आमच्या दुकानाच्या पाटीवर लाल अक्षरांत 'वाईन्स' असं लिहिलेलं आहे आणि वाईन सोडून तिथं सगळं खपतं. व्हिस्की, रम, बिअर यांना तोटा नाही. वाईन मागायला महिन्याकाठी एखादा येतो, तोही डॉक्टरनं काळजासाठी चांगली असते म्हटलं म्हणून. कोल्हापूरहून उचगावच्या बाजूला जाताना रस्त्यालगत हे दुकान लागतं. सव्वीस वर्षं मी त्या पाटीखाली लोखंडी जाळीच्या मागं बसले. यंदाच्या पाडव्याला ते भाच्याच्या हवाली केलं आणि घरी आले. या अंकाच्या संपादकबाईंनी 'व्यवसायातले अनुभव लिहा' असा निरोप पाठवला तेव्हा मी दोनदा विचारलं, माझाच नंबर लावायचा होता ना म्हणून.

नवरा गेला तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. परवाना माझ्या नावावर झाला. दीर म्हणाले, विकून टाका, बाईमाणसाचं काम नव्हे. मी म्हटलं, बाईमाणसानं खायचं काय तेही सांगा. त्यानंतर ते येईनासेच झाले. बारसं, वास्तुशांत, साखरपुडा, कुठलंच बोलावणं मग माझ्या दारापर्यंत पोचेना. मुलीचं लग्न पुण्यात झालं. तिच्या सासरी 'आईचं जनरल स्टोअर्स आहे' असं सांगितलेलं आहे. व्याही अजून विचारतात, तुमच्याकडं हळद कुठल्या कंपनीची ठेवता.

जाळीच्या धंद्यात ओळख जाळीपुरतीच असते. वीस वर्षं रोज क्वार्टर नेणारा, 'वैनी, तब्येत बरी हाय न्हवं?' म्हणून विचारणारा माणूस मंडईत बायकोबरोबर भेटला की मेथीच्या जुड्या निरखायला लागतो. पहिल्या-पहिल्यांदा राग यायचा. पुढं मीच त्याच्या आधी मेथीकडं बघायला शिकले.

वाईनचं मी शिकले ते चाळिशी उलटल्यावर. एका कंपनीनं दुकानदारांना चव ओळखायला मुंबईला बोलावलं होतं. साठ पुरुष आणि मी. पेला फिरवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि समोरच्या भांड्यात थुंकायचा. मी आयुष्यात कधी प्याले नव्हते, त्यामुळं थुंकायला मला काहीच जड गेलं नाही. बाकीच्यांना फार जड गेलं. संध्याकाळपर्यंत शुद्धीवर राहून वासांची नावं सांगणारी मी एकटीच उरले. त्या दिवसापासून जीभ तयार झाली. परत आल्यावर दुकानात सर्वांत वरच्या फळीवर, ऊन पोचणार नाही अशा कोपऱ्यात, मी वाईनच्या बाटल्या आडव्या ठेवायला लागले. आडव्या अशासाठी, की बूच ओलं राहतं. वाळलं की हवा आत शिरते.

त्यातली फेसाळ वाईन म्हणजे आमच्याकडं हसण्याचा विषय. लोक सरसकट शॅम्पेन म्हणतात, पण ते नाव फ्रान्समधल्या एका भागापुरतंच आहे. त्याच पद्धतीनं दुसरीकडं केलेलीला नुसतं फेसाळ म्हणायचं. कुरुंदवाडचे एक गृहस्थ मुलाच्या निकालाला बाटली घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी अर्धी परत घेऊन आले. "वैनी, नासलीया ही. उघडली की भसाभसा फेस यायलाय." मी समजावलं, त्यांना पटलं नाही. शेवटी रमची बाटली देऊन वाटेला लावलं.

या वाईनची एक खोड मात्र हसण्यावारी न्यायची नाही. व्हिस्कीची बाटली एकटा माणूस पंधरवडाभर पुरवतो, रोज दोन बोटं. फेसाळ वाईन उघडली की त्याच बैठकीत संपवावी लागते. उद्यापर्यंत तिचा जीव जातो. म्हणजे तिला माणसं लागतात. एकट्याच्या उपयोगाची ती वस्तूच नव्हे. हे मी कितीतरी गिऱ्हाइकांना सांगितलं असेल, पण त्याचा अर्थ मला आण्णांमुळं कळला.

आण्णा म्हणजे साखर कारखान्यातले निवृत्त केमिस्ट. आमच्या दुकानामागच्या कॉलनीत एकटे राहत. बायको वारली होती, एकुलता एक मुलगा अमर इंग्लंडमध्ये. पंधरवड्याला एक रम न्यायचे आणि जाळीशी पाच मिनिटं उभं राहून बोलायचे. मंडईत दिसले की मेथीकडं न बघता मोठ्यांदा 'वैनी' म्हणून हाक मारणारा तो एकच माणूस. त्या हाकेसाठी मी कधी कधी भाजी नको असली तरी मंडईत जायची. आता लिहायला हरकत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ते आले आणि रम मागायच्या ऐवजी विचारते झाले, "वैनी, इंग्लंडची फेसवाली वाईन कशी उघडत्यात?"

प्रकरण असं होतं. अमर तिकडं एका द्राक्षमळ्यात वाईन करायच्या कामाला होता. आण्णांचे कारखान्यातले तीन जुने दोस्त, त्यांचे पुढारी दत्ताजीराव. दर महिन्याला चौघं एकत्र बसत आणि दर महिन्याला अमरचा विषय निघे. गगनबावड्यासारखा पाऊस जिथं बारा महिने पडतो त्या देशात द्राक्षं येतातच कशी, हा त्यांचा सवाल. आणि दत्ताजीराव वर म्हणायचे, "द्राक्षंच तोडायची हुती तर तासगावला एस्टी जाती की. विमान कशाला लागतंय?"

आण्णा ते हसून सोडत आले होते. पण गेल्या बैठकीत दत्ताजीराव सगळ्यांदेखत म्हणाले होते, पोरगं तिकडं मजुरी करतंय आणि बाप इकडं साहेब म्हणून सांगतोय. ते आण्णांना लागलं. त्यांनी तिघांना रविवारी मटणाच्या जेवणाला बोलावलं होतं आणि जेवणाआधी अमरच्या हातची वाईन त्यांच्यापुढं ठेवायची होती.

"हाय तुमच्याकडं बाटली?" मी विचारलं.

"एकच हाय. मंडळीच्या वर्षश्राद्धाला आलता तवा आणलीती. त्यानं सोता केलेली पयली. तिच्या फोटोपाशी ठेवलीया. कुंकू लावून."

"फोटोला दिवा आहे?"

"हाय की. चोवीस तास."

आमच्याकडं घराघरांतून गेलेल्या माणसाच्या फोटोवर बारका विजेचा दिवा असतो, माझ्याही घरी नवऱ्याच्या फोटोवर आहे. आणि पोराची पहिली कमाई, शेतातलं पहिलं कणीस, नवी किल्ली, जे काही पहिलं असेल ते आधी तिथं ठेवायचं ही रीत आहे. आण्णांनी रीतच पाळली होती. शिवाय जन्म साखरेत गेलेला. साखर दिव्याखाली शंभर वर्षं ठेवली तरी साखरच राहते. वाईनला उजेड सोसत नाही, उष्णता त्याहून सोसत नाही. दोन उन्हाळे ती बाटली उभी, दिव्याखाली होती. मी एवढंच विचारलं, काच कुठल्या रंगाची आहे. ते म्हणाले, "पांढरी, आरपार दिसतंय. आत गुलाबी. लई देखणी."

हिरव्या काचेची असती तर थोडी आशा होती.

मी त्यांना सांगितलं, चौघांना एक बाटली पुरत नाही, आणखी एक-दोन मागवू. मुंबईला परदेशी माल आणणाऱ्याला फोन केला. अमरच्या मळ्याचा माल तो आणत नव्हता, पण त्याच भागातल्या तीन प्रकारच्या वाईन त्याच्याकडं होत्या. इथं मला माझी विद्या खर्ची घालायची संधी मिळाली, ती मी सोडली नाही.

पहिली जरा गोडसर होती. संशयी पाहुण्याला गोड कधी द्यायची नाही, तो सरबत म्हणून बाजूला सारतो. दुसरी भारी खोक्यातली, रेशमी फीत वगैरे. खोकं बघून दत्ताजीरावांसारखी माणसं आधीच दात विचकतात. तिसरी साध्या हिरव्या बाटलीत होती. नुसत्या पांढऱ्या द्राक्षांची, गोडी काढून टाकलेली, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून तिथंच तळाशी बसलेल्या गाळावर चार वर्षं निजवलेली. त्या भागात जमिनीखाली पांढरा खडू आहे आणि ऊन बेताचं, म्हणून द्राक्ष आंबट राहतं. तो आंबटपणाच या वाईनचा कणा. वर्षं जातात तसा त्याच्यावर भाजलेल्या पावाचा, काजूचा वास चढतो. मी तिसरीच्या दोन बाटल्या मागवल्या. आण्णांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "म्हंजे आमच्या मळीगत की, आंबवायचीच." केमिस्टला आंबवणं समजावून सांगावं लागत नाही.

रविवारी सकाळी भाच्याला दुकानात बसवून मी आण्णांच्या घरी गेले. कुणाच्या घरी पाहुण्यांच्या आधी जाऊन मांडामांड करायची, असं काम मला किती वर्षांनी मिळालं होतं. लांबट पेले मी बाजारातून आणले होते. ते साबण न लावता गरम पाण्यानं धुतले, कारण साबणाचा अंश राहिला की फेस मरतो. आजऱ्याचे काजू तुपावर परतून मीठ टाकलं. तांबडा-पांढरा रस्सा शेजारणीनं करून दिला होता, पण तो वाईन संपल्यावरच बाहेर काढायचा असं मी बजावलं, नाहीतर तिखटापुढं वाईन मुकी होते. मुंबईच्या बाटल्या फ्रिजमध्ये होत्या. अमरची बाटली आण्णांनी तेवढ्यात बर्फाच्या बादलीत ठेवली होती. तिच्यावरचं कुंकू बर्फाच्या पाण्यात उतरत होतं.

पाहुणे यायला अर्धा तास होता. मी म्हटलं, "आण्णा, ही आधी आपण आतच उघडून बघू."

बूच धरून बाटली फिरवायची असते, बूच फिरवायचं नाही. आवाज करायचा नाही, नुसता एक उसासा यायला हवा. तेवढाही आला नाही. ओतली तर रंग कांद्याच्या सालीसारखा. वास घेतला. शिजवून झाकून ठेवलेला कोबी आणि भिजलेलं घोंगडं. दुसरा वास नाही.

आण्णांनी पेला घेतला, घोट घेतला. माझ्या तोंडाकडं बघितलं. मग मी मुंबईची बाटली उघडून दोन बोटं त्यांना दिली. त्यांनी तीही चाखली आणि दोन्ही पेले ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले.

मग म्हणाले, "वैनी, खरं सांगा. पोराला जमलं न्हाय न्हवं?"

हे मला अपेक्षित नव्हतं. दत्ताजीराव काही म्हणोत, या माणसाचा मुलावरचा विश्वास कधी हलला नव्हता, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच हातानं ओतलेल्या पेल्यामुळं हलत होता. मी म्हटलं, "पोराचा काय दोष न्हाई, आण्णा. त्यानं चांगलीच केलीती. उजेडानं गेली ती. दिव्याखाली ठेवायला नको हुती."

त्यांनी ओट्याला हात टेकला. "मीच घालवली म्हणा की."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"तिला दावायची म्हणून ठेवलीती." मग मान हलवली. "बरं झालं सांगितलासा. पोराचं बरोबर हाय म्हंजे."

मला नंतर घरी जाताना, रस्त्यात, सुचलं की बुचावर ढकलता आलं असतं. बूच खराब निघणं ही या धंद्यातली रोजची गोष्ट, कुठल्याही बाटलीचं निघू शकतं. पोरगाही सुटला असता आणि बापही. बूच काही मनाला लावून घेत नाही. सव्वीस वर्षं खरा माल आणि खरं बोलणं यांचा मला तोरा होता. त्या तोऱ्यानं त्या दिवशी माझ्या तोंडातून चुकीचं खरं बोलवून घेतलं. त्याची रुखरुख अजून गेलेली नाही.

पाहुणे आले. दत्ताजीरावांनी मला बघून भुवया वर केल्या, पण नमस्कार केला. मी हिरव्या बाटलीतून ओतलं. सोनेरी रंग, तळातून बारीक बुडबुड्यांची माळ. दत्ताजीरावांनी पेला उजेडाकडं धरला, हुंगला आणि विचारलं, "ही पोराची?"

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. बाटलीवर जे लिहिलंय तेच सांगायचं हा माझा नेम होता. कंपनीचे लोक, अधिकारी, दादालोक, कुणासाठी तो मोडला नव्हता.

"व्हय," मी म्हटलं, "अमरचीच."

दत्ताजीराव प्याले. काजू खाल्ला, परत प्याले. पेला पुढं केला. दुसरा पेला संपेपर्यंत खोलीत कुणी फारसं बोललं नाही, आणि कोल्हापुरात चार माणसं बसली असताना शांतता पडणं म्हणजे मोठीच दाद. मग ते म्हणाले, "आण्णा, बेकरीच्या दारातनं गेल्यागत वास येतोय की रं. आणि रंग तर निव्वळ सोनं. पोराचा नंबर दे. मी सोता फोन करतो. चुकलो म्हणून सांगतो."

मी दुसरी बाटली आणायला स्वयंपाकघरात गेले तर आण्णा ओट्यापाशी उभे. हातात कांद्याच्या सालीच्या रंगाचा पेला. बाटली निम्मी झाली होती.

"आण्णा, ओतून टाका ती. बाहेर चांगली हाय."

"ती पावण्यांची," ते म्हणाले. "ही माझी हाय."

मग मीही एक पेला घेतला. त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि प्याले. थुंकले नाही. आयुष्यात पूर्ण प्यालेला तो माझा पहिला पेला, आणि त्याहून वाईट वाईन मी कधी चाखली नव्हती. बाहेर दत्ताजीराव हसत होते. आम्ही दोघांनी ती बाटली रिकामी केली. शेवटचे थेंब आण्णांनी पेला उपडा करून जिभेवर घेतले. पेला विसळताना म्हणाले, "पोराला सांगू नगासा."

त्यानंतर वर्षभरानं आण्णांच्या डोळ्यांनी दगा दिला. गडहिंग्लजला त्यांची बहीण असते, ती येऊन त्यांना घेऊन गेली. जाताना रिक्षा दुकानासमोर थांबवून त्यांनी जाळीतून आत हात घातला, तो मी धरला. मागं गिऱ्हाइकं उभी होती. ती त्या दिवशी मुकाट्यानं थांबली. तेव्हापासून मंडईत मला हाक मारणारं कुणी नाही.

गेल्या महिन्यात दारावरची बेल वाजली. माझ्या घराची बेल मीटर बघायला येणाऱ्याशिवाय कुणी वाजवत नाही. उंच, दाढीवाला मुलगा उभा होता. म्हणाला, "काकी, मी अमर. गडहिंग्लजला निघालोय, आधी तुमच्याकडं आलो."

चहा केला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग त्यानं विचारलं, "काकी, ती बाटली कशी होती हो? बाबा सगळ्यालाच चांगलं म्हणतात. तुम्ही सांगा."

मी म्हटलं, "तुझ्या बाबांनी शेवटचा थेंबसुद्धा सोडला नाही." यात खोटं काहीच नव्हतं.

तो हसला. "दत्ताकाकांचा फोन आलेला. त्याच दिवशी. सोन्यासारखा रंग म्हणाले. काकी, माझी गुलाबी होती."

मी कप खाली ठेवला.

"बाबा व्हिडिओ कॉल करायचे तेव्हा मागं दिसायची. आईचा फोटो, दिवा आणि बाटली. पहिल्याच महिन्यात कळलं मला, की बाटली वाया गेली. आम्ही तर मळ्यावर बाटल्यांच्या खोलीत बल्बसुद्धा जपून लावतो."

"मग बोलला का नाहीस? हलवली असती त्यांनी."

"रोज सकाळी आईला सांगायचे, बघ, पोरानं केलीया." तो खाली बघत होता. "दिवा काढा म्हणून कसं सांगू? म्हटलं, दुसरी करू."

मळ्यावर रात्रंदिवस वाईनमध्ये वावरणारा हा मुलगा दोन वर्षं गप्प बसला, आणि मी अर्ध्या तासात सांगून मोकळी झाले. मी त्याला सगळं सांगितलं. ओट्यावरचे दोन पेले, बापानं विचारलेला प्रश्न, मी दिलेलं उत्तर. रागावेल असं वाटलं. त्यानं फक्त विचारलं, "खरंच सगळी प्याले?" मी म्हटलं, "मीही प्याले रे." त्यावर तो डोळे पुसत हसायला लागला. म्हणाला, "काकी, ती फार वाईट लागली असणार."

निघताना त्यानं पिशवीतून एक बाटली काढून माझ्या हातात दिली. दोन आणल्या होत्या, एक बापाला, एक मला. गुलाबीच, पण या खेपेला काच गडद. माझ्या घरी कुणी भेटवस्तू आणल्याला किती वर्षं झाली ते आठवत नाही.

तो गेल्यावर मी ती घेऊन घरभर फिरले. कपाटात आडवी ठेवायला हवी, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण पाय नवऱ्याच्या फोटोपाशीच थांबले. आण्णा तिथं का थांबले असतील ते मला त्या दिवशी कळलं. या घरात आलेली चांगली वस्तू दाखवायला दुसरं आहे कोण?

बाटली फोटोशेजारी आडवी ठेवली. मग हात वर करून बटण दाबलं. तो दिवा सव्वीस वर्षं तेवत होता. बल्ब जळला तर मी त्याच दिवशी नवा आणून लावायची. बंद तो कधी केला नव्हता.

मुलीला फोन करून सांगितलंय, दिवाळीला ये, जावयांना घेऊन ये, जमलं तर व्याह्यांनाही आण, एक बाटली उघडायची आहे. ती म्हणाली, बघते. व्याही आलेच तर हळदीचं काय सांगायचं ते मी ठरवून ठेवलंय. नाही आले तर दत्ताजीरावांना बोलवेन. कुणी तरी येईल. या बाटलीला घाई नाही, चार-सहा वर्षं ती सहज थांबेल. संध्याकाळी घरात शिरताना मात्र अजून माझा हात भिंतीवर चाचपडतो. बाटलीला अंधार लागतो. मला सवय होईल.